दोन नाण्यांचा हिशेब आणि बट्ट्याचा धनी

मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर हे गाव लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील हे गाव वऱ्हाडच्या दक्षिण सीमेपासून फार दूर नाही. लोणार ओलांडून पुढे गेले की एकीकडे परभणी जिल्ह्यातील जिंतूर आणि दुसरीकडे जालना जिल्ह्यातील मंठा, अशी मराठवाड्याची हद्द सुरू होते. आज ही हद्द म्हणजे एकाच राज्यातील दोन महसुली विभागांमधली रेघ आहे आणि ती ओलांडताना कोणाला काही जाणवतही नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी ही रेघ ओलांडणाऱ्या माणसाला आपल्या कमरेच्या कशात कोणता रुपया आहे, याचा विचार करावा लागत असे.

1853 च्या कराराने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये त्याचा कायमचा पट्टा वर्षाला 25 लाख रुपयांवर लिहून दिला गेला आणि 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आला. त्यामुळे रेघेच्या अलीकडे इंग्रजी टांकसाळीचा कलदार रुपया हे सरकारी नाणे झाले आणि पलीकडे, मराठवाड्यात, निजामाचा हाली सिक्का चालू राहिला. दोन्ही रुपयेच, दोन्हींचे सोळा आणे. मोल मात्र निराळे. हाली रुपयाचा भाव पूर्वी खालीवर होत असे; पुढे तो 100 कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे 6 कलदारांस 7 हाली, असा स्थिरावला. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1950 पासून तेथे भारतीय रुपया चालू झाला आणि त्या दशकात हाली सिक्का टप्प्याटप्प्याने इतिहासजमा झाला.

हा जुना इतिहास उगाळण्याचे कारण असे की, तो आता वेगळ्या वेषात परत आला आहे. मोठ्या उद्योगांच्या आणि हळूहळू लहान संस्थांच्याही कारभारासाठी जी संगणकीय प्रणाली वापरली जाते, तीत ‘अनेक चलने वापरावयाची आहेत काय?’ असा एक साधा प्रश्न असतो. कारकून ‘होय’ या उत्तरावर खूण करतो आणि पुढच्या कामाला लागतो. ही खूण केवळ तांत्रिक सोय आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. त्या एका खुणेबरोबर कोणता दर धरावयाचा, कोणत्या तारखेचा धरावयाचा, अपूर्णांक कोणाच्या पदरात टाकावयाचा आणि दरातील चढउताराचा धनी कोण, हे चार निर्णय घेतले जातात. ते कोणी जाणीवपूर्वक घेतले नाहीत, तर प्रणालीच घेते. प्रस्तुत लेखात या चार निर्णयांचा विचार करावयाचा आहे. कारण त्यांचा भार अखेर ज्याला वही वाचता येत नाही त्याच्यावर जाऊन पडतो.

पोतदाराचे काम

दोन नाण्यांचा हिशेब मराठी मुलखाला नवा नाही. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. त्यांतली चांदी कमीअधिक असे आणि म्हणून सरकारी खजिन्यापाशी नाणी पारखणारा पोतदार नेमलेला असे. हे पद पुढे आडनाव होऊन राहिले, यावरूनच ते काम किती महत्त्वाचे होते हे ध्यानात यावे. हलक्या नाण्यावर जी कसर कापली जाई तिला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. त्याचे मूळ सराफाच्या पेढीवर आहे, हे मात्र विसरून गेलो आहोत.

बट्टा घेणे हा अन्याय नव्हे. दोन नाण्यांच्या मोलात फरक असेल तर तो कोणीतरी भरून दिलाच पाहिजे. अन्याय होतो तो बट्टा किती आणि का, हे एकाच पक्षाला ठाऊक असते तेव्हा. हाली आणि कलदार यांचे गणितच पाहा. सातास सहा या भावाने एका हाली रुपयाचे 13 आणे 8 पै आणि वर चार सप्तमांश पै होतात. पैचा सप्तमांश कोणत्याही टांकसाळीत पडत नव्हता. म्हणजे एक रुपया मोडावयाचा तर तो अपूर्णांक कोणाला तरी सोडावा लागणार. सातशे हाली एकदम मोडणाऱ्यास बरोबर सहाशे कलदार मिळावेत. त्याचे काहीच जात नाही. पण हजार माणसांनी एकेक रुपया स्वतंत्रपणे मोडला आणि प्रत्येक वेळी तो अपूर्णांक गाळला गेला, तर हजार रुपयांमागे 2 रुपये 15 आणे 7 पै कलदार मोडणाऱ्यांच्या हातून निसटतात. त्यांत कोणी चोरी केलेली नसते. प्रत्येक व्यवहार सचोटीचाच असतो. तरीही एकूण पैसा लहान माणसाकडून मोठ्याकडे सरकलेला असतो. अनेक चलनांच्या हिशेबाचे सारे मर्म या छोट्या उदाहरणात आहे.

सोयाबीनमागचा डॉलर

कोणी म्हणेल की, सुलतानपुरासारख्या गावाचा परकीय चलनाशी संबंध तरी काय? लोणार-मेहकरचा शेतकरी सोयाबीन, तूर, कापूस पिकवतो, रुपयांत विकतो आणि रुपयांतच खर्च करतो. वरवर पाहता हे खरे आहे. पण वरवर पाहताच.

वऱ्हाडचा शेतमाल परदेशी चलनाशी बांधला गेला त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. खामगावची कापसाची पेठ नावारूपाला आली आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेशाखेचे उद्घाटन झाले. त्या कापसाचा भाव पौंडांत ठरत होता आणि शेतकऱ्याच्या हाती रुपये पडत होते. मधले रूपांतर तो कधीच पाहत नव्हता.

आज कापसाच्या जागी बव्हंशी सोयाबीन आले आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 5,328 रुपये ठरविली. हा आकडा रुपयांत असला, तरी बाजारातील प्रत्यक्ष भाव शिकागोच्या वायदेबाजाराकडे, तेल व पेंडीच्या जागतिक भावांकडे आणि डॉलरच्या दराकडे पाहून हलतो. भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. त्या तेलावर जकात आकारण्यासाठी केंद्र सरकार त्याचे शुल्कमूल्य डॉलरमध्ये जाहीर करते आणि मग ठरावीक विनिमय दराने त्याचे रुपये केले जातात. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयातशुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेण्यात आले आणि मे 2025 मध्ये ते 16.5 टक्क्यांवर उतरविण्यात आले. या शुल्काच्या आणि विनिमय दराच्या गुणाकारात सोयाबीनचा भाव दडलेला असतो. रुपया घसरला तर आयात तेल महाग होऊन सोयाबीनला आधार मिळतो; पण त्याच वेळी खतही महाग पडते, कारण पोटॅशची जवळजवळ सारी गरज देश आयातीवरच भागवतो. शेतकरी डॉलर हातात धरत नाही. डॉलर मात्र त्याचा हात सोडत नाही.

आता यात एक नवी भर पडली आहे. उत्पादक कंपन्यांची तरतूद कंपनी कायद्यात झाली त्याला दोन दशके उलटून गेली. 2020 मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. मधले दलाल टाळून शेतकऱ्यांनी आपला माल स्वच्छ करून, प्रतवारी करून दूरच्या बाजारात, शक्य तर परदेशात, विकावा ही त्यामागील कल्पना. जनुकीय बदल न केलेले आपले सोयाबीन आणि त्याची पेंड यांना परदेशांत मागणी आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा सारा मार्ग पूर्ण झाला. तो मेहकर-लोणारच्या परिसरातूनच जातो. म्हणजे रस्ता आला, संस्था आल्या, मालही आहे. तेव्हा परदेशी चलनातले बिल तालुक्यातील एखाद्या संस्थेच्या संगणकावर तयार होणे ही आता कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. प्रश्न एवढाच की, त्या दिवशी तिची हिशेबप्रणाली कोणाच्या बाजूने बोलेल?

दर कोणाचा, तारीख कोणती?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकरी कंपनीने फेब्रुवारीत परदेशी ग्राहकाला 10,000 डॉलरचा माल पाठविला. त्या दिवशी डॉलरचा दर 88 रुपये धरला. वहीत 8,80,000 रुपयांची विक्री नोंदली गेली आणि तेवढेच येणे लागले. 31 मार्चला वर्षअखेर झाली तेव्हा पैसे आलेले नव्हते आणि दर 89 रुपये 50 पैसे होता. मे महिन्यात पैसे आले, त्या दिवशी बँकेने 87 रुपये 20 पैसे दर दिला. खात्यात 8,72,000 रुपये जमा झाले.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो तो दराचा. ‘आजचा डॉलरचा दर’ अशी एकच वस्तू अस्तित्वात नाही. जकातीच्या कामासाठी सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेला दर लागतो, आणि तोही आयातीला निराळा व निर्यातीला निराळा. मालाच्या निर्यातीचे मूल्य वस्तू व सेवा करासाठी ठरविताना हाच अधिसूचित दर धरला जातो. सेवेच्या बाबतीत मात्र सर्वमान्य लेखातत्त्वांनुसार येणारा दर चालतो. प्राप्तिकराच्या 1962 च्या नियमांनी परदेशी उत्पन्नासाठी स्टेट बँकेचा तार-हस्तांतर खरेदी दर प्रमाण मानला. बाजाराचा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करीत असे. जुलै 2018 पासून ते काम एका स्वतंत्र वित्तीय निर्देशांक संस्थेकडे गेले. आणि या सर्वांहून निराळा असतो तो आपल्या बँकेने प्रत्यक्ष पैसे देताना लावलेला दर, ज्यात तिचे शुल्क मिसळलेले असते. एकाच व्यवहाराला चार-पाच दर, आणि प्रत्येक आपापल्या जागी बरोबर.

चांगली प्रणाली या प्रत्येक कामासाठी दराचा वेगळा तक्ता ठेवू देते. मोठ्या उद्योगांच्या प्रणालींत ही सोय फार पूर्वीपासून आहे. एकच व्यवहार स्थानिक चलनात आणि समूहाच्या चलनात समांतर नोंदण्याचीही सोय तेथे असते. लहान संस्थांच्या प्रणालीत पुष्कळदा दराचा एकच रकाना भरला जातो आणि त्यात ज्याला जो सापडेल तो दर टाकला जातो. मग विक्री एका दराने, कर दुसऱ्याने आणि वसुली तिसऱ्याने असा घोळ होतो. वर्षाच्या शेवटी जो फरक उरतो तो ‘विनिमय फरक’ नावाच्या एका खात्यात लोटला जातो. या खात्याकडे कोणी पाहत नाही. जुन्या भाषेत सांगावयाचे तर बट्ट्याचे खाते हेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कित्येक प्रणालींत अनेक चलनांची सोय एकदा सुरू केली की ती परत बंद करता येत नाही आणि मूळ हिशेबाचे चलन मागाहून बदलता येत नाही. हे प्रणालीच्या दृष्टीने समर्थनीयच आहे, कारण जुन्या नोंदींचा अर्थ त्या चलनावर अवलंबून असतो. पण मग असा न फिरणारा निर्णय संचालक मंडळात चर्चा न होता, एखाद्या दुपारी कारकुनाच्या किंवा प्रणाली बसविणाऱ्या तंत्रज्ञाच्या एका खुणेने व्हावा काय?

न आलेला नफा

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. वरील उदाहरणात 31 मार्चला त्या येण्याचे मूल्य 8,95,000 रुपये होते. भारतीय लेखामानकांचा नियम असा की, ज्यांचे रोख रकमेत रूपांतर व्हावयाचे आहे अशी येणी-देणी वर्षअखेरच्या दराने पुन्हा मोजावीत आणि येणारा फरक नफातोटा पत्रकात दाखवावा. यंत्रे किंवा जमीन यांसारख्या, परदेशी चलनात मूळ किमतीला नोंदलेल्या वस्तू मात्र खरेदीच्या वेळच्याच दराने ठेवावयाच्या. नियम योग्य आहे. येणे आज किती मोलाचे आहे हे वहीने सांगितले पाहिजे. म्हणून प्रणालीने एका आज्ञेसरशी 15,000 रुपयांचा नफा दाखविला.

हा नफा अजून कोणाच्या हातात आलेला नव्हता. समजा, त्या आकड्यावर विसंबून कंपनीने सभासदांना जादा लाभांश जाहीर केला. मे महिन्यात पैसे आले ते बिलापेक्षाही 8,000 रुपयांनी कमी. म्हणजे मार्चच्या आकड्यापेक्षा 23,000 रुपयांनी कमी. आता ही तूट कोण भरणार? उत्पादक कंपनीच्या कायद्यात मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवून पुढे देण्याची पद्धत आहे. तेव्हा तूट भरून काढण्याची सोपी वाट सरळ त्या राखीव किमतीकडे जाते. ज्याने सोयाबीन घातले त्या शेतकऱ्याला ‘बाजार पडला’ एवढेच कळते. बाजार पडलेला नसतो. मार्चमध्ये कागदावर वाढलेला आकडा मे महिन्यात कागदावरून उतरलेला असतो, आणि मधल्या काळात कोणी तरी तो खरा मानून खर्च केलेला असतो.

प्रणालीत न वसूल झालेला फरक आणि प्रत्यक्ष वसूल झालेला फरक यांची दोन वेगळी खाती ठेवता येतात. बहुतेक चांगल्या प्रणालींत ही सोय आहे. पण सोय असणे आणि ती वापरली जाणे यांत अंतर आहे. ते अंतर समजूतदार लेखापालच भरून काढू शकतो.

अपूर्णांकाचे राजकारण

तिसरा प्रश्न अपूर्णांकाचा. तो क्षुल्लक वाटतो, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. 1 एप्रिल 1957 रोजी आपण दशमान नाणेपद्धती स्वीकारली तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत होते. सव्वा पैशाचे नाणे नव्हते. सरकारने कोष्टके छापली : एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19 आणि चार आण्यांचे 25 नवे पैसे. शाळाशाळांतून ही कोष्टके पाठ करून घेतली गेली. जुन्या पिढीतील शिक्षकांना ती अजून आठवत असतील. त्या कोष्टकाचे महत्त्व असे की, अपूर्णांक कोणी आणि कसा सोडावयाचा हे दुकानदारावर न सोपविता राज्याने सर्वांसमक्ष ठरवून दिले होते.

युरोपात 1999 मध्ये युरो हे समाईक चलन आले तेव्हा हाच धडा अधिक काटेकोरपणे गिरविला गेला. तेथील कायद्याने सांगितले की, जुन्या चलनांचे युरोशी असलेले दर सहा सार्थ अंकांत दिलेले आहेत. ते गोळाबेरीज करून वापरू नयेत, त्यांतला अंक गाळू नये आणि उलटा दर काढून तो वापरू नये. एका जुन्या चलनातून दुसऱ्यात जावयाचे तर युरोमधूनच जावे, असेही बंधन होते. मार्क किंवा फ्रँकचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व संगणकप्रणालींना हे नियम पाळणे भाग पडले.

उलटा दर वापरू नये, एवढा बारीक नियम कायद्यात घालण्याचे कारण काय? आपले उदाहरणच घेऊ. 88 रुपयांस एक डॉलर, तर एका रुपयाचे 0.0113636… डॉलर. प्रणालीने चार दशांश स्थळेच ठेवली तर हा दर 0.0114 होतो. 8,80,000 रुपयांना त्याने गुणले तर 10,000 ऐवजी 10,032 डॉलर येतात. हे 32 डॉलर, म्हणजे 2,816 रुपये, आकाशातून पडले. परदेशातून यंत्र मागविणाऱ्या संस्थेने असा हिशेब केला तर ते तिच्या देण्यात जमा होतील. त्यात पुन्हा प्रत्येक चलनाची रीत निराळी. जपानी येनला दशांश नाही. कुवेती दिनाराचे हजार फिल्स होत असल्याने त्याला तीन दशांश स्थळे लागतात. चलनांच्या तीन अक्षरी सांकेतिक खुणा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक चलनाची दशांश स्थळेही दिलेली आहेत. जी प्रणाली सर्व चलनांना दोनच स्थळे देते, ती कुवेतहून आलेल्या प्रत्येक बिलात थोडी थोडी चूक करीत राहते. पैचे सप्तमांश असेच निसटत होते.

आक्षेप आणि उत्तर

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सारे लेखापरीक्षक पाहतात. सामान्य सभासदाने त्यात डोके घालण्याचे कारण नाही. दुसरा असा की, आता रुपयातच परदेशी व्यापार होऊ लागला आहे. जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यासाठी खास रुपया खात्यांची व्यवस्था केली, तेव्हा हा प्रश्न हळूहळू सुटेल.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. व्यवहार रुपयात झाला म्हणून विनिमयाचा धोका नाहीसा होत नाही. तो समोरच्या पक्षाकडे जातो, आणि समोरचा पक्ष तो किमतीत धरून कापून घेतो. शिवाय रुपयाची स्वतःची वाटचालही डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. 6 जून 1966 रोजी डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून एका दिवसात 7 रुपये 50 पैशांवर गेला. जुलै 1991 मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले. 1993 पासून दर बाजारावर सोपविला गेला आणि डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने 90 रुपयांची पातळी ओलांडली. 1966 चे अवमूल्यन हे सरकारचे पाऊल होते. त्यावर संसदेत व वृत्तपत्रांत वादळ उठले. आजची घसरण पैशापैशाने, रोज होते. ती कोणाच्या वहीत किती पडते, हे ज्याने त्याने आपल्या वहीतच पाहावे लागते.

पहिला आक्षेप अधिक गंभीर आहे. लेखापरीक्षक नोंदी मानकाप्रमाणे आहेत की नाहीत ते पाहतो. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियमही लागू झाला. हा नियम स्वागतार्ह आहे. परंतु त्याने नोंद कोणी व केव्हा बदलली हे कळते. तीन योग्य दरांपैकी हाच का निवडला, न वसूल झालेल्या नफ्यावर वाटप का केले, हे त्यातून कळत नाही. हे निर्णय कारभाराचे आहेत; त्यांचा जाब विचारण्याचा अधिकार सभासदांचा आहे. आणि ज्याला प्रश्न ठाऊक नाही, त्याला अधिकार असून नसल्यासारखाच.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. परदेशी चलनात व्यवहार करू पाहणाऱ्या प्रत्येक सहकारी संस्थेने व उत्पादक कंपनीने प्रणालीत ही सोय सुरू करण्यापूर्वी संचालक मंडळाचा लेखी ठराव करावा. विक्रीच्या नोंदीसाठी कोणता दर, वर्षअखेरीस कोणता, किती दशांश स्थळे आणि बँकेचे शुल्क कोणत्या खाती, एवढ्या चार गोष्टी त्यात मराठीत लिहिलेल्या असाव्यात. न वसूल झालेला विनिमय नफा वाटपासाठी धरू नये, असा नियम संस्थेने स्वतःवर घालून घ्यावा. वार्षिक अहवालात विनिमय फरकाची ओळ एका आकड्यात न संपविता, कोणत्या बिलावर किती गेले आणि किती आले, हे सभासदाला वाचता येईल असे द्यावे. मुंबईत विकसित झालेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’सारख्या मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत, टॅलीसारख्या प्रणाली तालुक्यातालुक्यांत माहीत झाल्या आहेत, पडद्यामागचे गणित वाचून पाहण्याची किंवा ते बदलून घेण्याची संधी आज पूर्वी कधी नव्हती एवढी आहे.

शिक्षणाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या वाणिज्य शाखेत परकीय विनिमयाचे प्रकरण शिकविले जाते; पण पुष्कळदा ते लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या गोष्टीसारखे, दूरचे म्हणून शिकविले जाते. हाली-कलदाराच्या सीमेवरच्या मुलांना ते त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या बाजारातून शिकविता येईल. सातास सहा या भावाने एक रुपया मोडून दाखवा म्हटले, तर इयत्ता आठवीचा विद्यार्थीही अपूर्णांकाचे मर्म ओळखेल. तोच विद्यार्थी दहा वर्षांनी एखाद्या संस्थेत लेखनिक म्हणून संगणकासमोर बसेल, तेव्हा त्या खुणेपाशी त्याचा हात क्षणभर थांबेल. आपल्याला हवे आहे ते हे थांबणे.

हाली सिक्का गेला, संस्थान गेले, 1956 मध्ये वऱ्हाड आणि मराठवाडा एका राज्यात आले. सीमेवरच्या दोन रुपयांचा प्रश्न एक रुपया करून सुटला. डॉलर, युरो आणि दिनार यांच्या बाबतीत तसे होणार नाही. ही नाणी वेगळीच राहणार आणि आपला माल त्यांच्याशी बांधलेला राहणार. तेव्हा लोणार किंवा मेहकर तालुक्यातल्या एखाद्या संस्थेची पुढची वार्षिक सभा भरेल, त्या वेळी एखाद्या सभासदाने उठून विचारावे : आमच्या मालाचे डॉलर कोणत्या दिवशीच्या, कोणाच्या दराने रुपये केले, आणि मधला फरक कोणाच्या खात्यावर घातला? या प्रश्नाचे सरळ उत्तर वहीतून काढून दाखविता येत असेल, तर ती प्रणाली योग्य रीतीने बसविली आहे असे समजावे. येत नसेल, तर ते उत्तर मिळेपर्यंत हिशेबपत्रकाला मंजुरी देऊ नये.